रस्ट की गो, हे नंतर बघू

अरे,

परवा कॉलेज रोडला चहा घेताना मोबाईलवर सॉलिडिटीची, म्हणजे इथेरियमवर प्रोग्राम लिहायच्या भाषेची, तीन सर्टिफिकेटं दाखवलीस आणि हळूच विचारलंस, "काका, कोअरमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनचं मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांत जायला रस्ट शिकू की गो?" इथेरियमचं नेटवर्क चालवणारं गेथ गोमध्ये आहे, रेथ रस्टमध्ये, बिटकॉइनचं बिटकॉइन कोअर सी प्लस प्लसमध्ये, भाषा येते रे दोन-चार महिन्यांत. तू आजवर कुणाचा कोड वाचलास ते सांग ना.

वाच. बिटकॉइनचा १५ ऑगस्ट २०१० चा ७४६३८ नंबरचा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, घे. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दोन आउटपुट (कुणाला किती नाणी जाणार त्या नोंदी), प्रत्येकी ९२ अब्जांहून जास्त बिटकॉइनचं, आणि कोड काय बघत होता तर एकेक आउटपुट शून्याखाली नाही ना, बस. बेरीज ६४ बिटांत मावली नाही, ऋण झाली, आणि जिथे एकूण २.१ कोटीच नाणी निघायची तिथे १८४ अब्ज निघाली. काही तासांत फिक्स आला. तो फिक्स उघड, आधीचा कोड शेजारी ठेव, ओळ न ओळ वाच.

मी वाचलं नाही म्हणून इतकं बोलतोय. सातपूरला नोकरी, रात्री जागून स्वतःची ब्लॉकचेन लिहायचो, दोन वर्षं. बिटकॉइनच्या ब्लॉकचं हेडर, म्हणजे वरची माहिती, ८० बाइटचं, त्याला दोनदा शा-२५६ हे गणित लावून हॅश, म्हणजे ब्लॉकचा ठसा, काढायचा, सगळं बरोबर आणि हॅश काही जुळेना. आठ दिवस गेले. बाइट उलट्या क्रमाने छापतात, एवढंच होतं, कोडमध्ये समोर दिसत होतं, पण मला लिहायची घाई. लोक म्हणतात नाशिक सोडलं नाहीस म्हणून राहिलास. वडिलांचं दुखणं होतं, नाही सोडलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, हे काम सगळं गिटहबवर उघड्यावर चालतं, कोण कुठून वाचतोय कुणी विचारत नाही. मीच वाचायला बसलो नाही.

तुला पायथन येतं ना? बिटकॉइन कोअरच्या फंक्शनल टेस्ट, म्हणजे सॉफ्टवेअर चालवून तपासणाऱ्या चाचण्या, पायथनमध्येच आहेत, तिथून सुरू कर. नोड, म्हणजे नेटवर्कला जोडणारा तो प्रोग्राम, स्वतः कंपाइल कर, रेगटेस्टवर, म्हणजे स्वतःच्या मशीनवरच्या चाचणी नेटवर्कवर चालव, मग दुसऱ्या कुणाचा तरी पीआर, म्हणजे कोडात सुचवलेला बदल, घेऊन चालवून बघ आणि जे दिसलं तेवढंच प्रामाणिकपणे लिही. पॅच पाठवणारे भरपूर आहेत, नीट तपासणारे कमी पडतात. पगाराचं विचारशील तर बऱ्याच जणांचं ग्रांटवर, म्हणजे मिळालेल्या अनुदानावर चालतं, म्हणून हातातली नोकरी लगेच सोडू नकोस, घरी तसं स्पष्ट सांग.

आणि वाच रे बाबा, खरंच वाच. रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन घरी ये, कुठल्या ओळीवर अडलास ते वहीत लिहून आण.