सामान लादलेल्या सायकलवर ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड एका दिवसात पार होते का?

होते. मी केली आहे, पंधरा किलो सामानासकट. आणि मी काही पट्टीचा सायकलपटू नव्हे. पुण्यात असताना सिंहगडाच्या पायथ्याशी भजी खाऊन परतणाऱ्यांतला.

तुम्ही विचारलेला रस्ता तोच: स्वित्झर्लंडमधल्या मार्तिन्यीहून निघून संध्याकाळी इटलीतल्या आओस्तात. मार्तिन्यी ४७१ मीटरवर, खिंड २,४६९ वर, मधलं अंतर साधारण ४४ किलोमीटर. सकाळी सहाला निघालो, दोनला माथ्यावर होतो. सगळे विचारतात, चढ झेपेल का? चढ झेपतो. सर्वांत हलका गियर, वाटेत केळी, चिक्की, दर तासाला दहा मिनिटं टेकायचं. वाटेतल्या ओर्सिएर गावापर्यंत तर गप्पा मारत जाल. मला त्रास झाला तो गॅलरीत आणि उतारावर, म्हणून त्याबद्दलच सांगतो.

बूर-सें-पिएर गाव सोडलं की रस्त्यावर छप्पर येतं. हिमकडे कोसळले तर वाहतूक अडू नये म्हणून बांधलेली ही काँक्रीटची गॅलरी. एका बाजूला भिंत, दुसरीकडे खांब, आणि ती किलोमीटरच्या किलोमीटर संपत नाही. खांबांमधून खाली तूल धरणाचं पाणी दिसतं. बघायला छान, पण बघायला वेळ कुणाला? मागून येणारा ट्रक दिसायच्या आधी नुसता आवाज येतो, तो छपराखाली घुमून चौपट होतो आणि नक्की किती लांब आहे ते कळत नाही. मागचा दिवा गॅलरीत शिरायच्या आधीच लावा, चमकणारं जाकीट घाला. गॅलरीपुढे ५.८ किलोमीटरचा बोगदा आहे, १९६४ सालचा. त्यात सायकलला बंदी. त्याच्या अलीकडेच खिंडीकडे जाणारा जुना रस्ता फुटतो, ती पाटी चुकवू नका.

पाटीपाशी वळलात की एकदम शांतता. ट्रक सगळे बोगद्यात जातात. शेवटचे सहा किलोमीटर मात्र नऊ टक्क्यांच्या आसपास चढ आहे आणि या खोऱ्याचं नावच ‘मेलेल्यांचं खोरं’. मी दोनदा उतरून सायकल ढकलली, लाज वाटली नाही. १८०० च्या मे महिन्यात नेपोलियनच्या सैनिकांनी पोकळ केलेल्या ओंडक्यांत तोफा घालून याच बाजूने बर्फातून ओढल्या होत्या. स्वतः साहेब खेचरावर होते, चित्रात घोडा दाखवलाय तो सोडून द्या.

माथ्यावर जवळजवळ हजार वर्षं चालत आलेला मठ आहे, राहायचीही सोय आहे. सेंट बर्नार्ड जातीचे ते प्रसिद्ध कुत्रे इथलेच. गळ्यातलं ब्रँडीचं पिंप मात्र दंतकथा. मठापुढे तळं आणि तळ्याच्या पलीकडच्या टोकाला सीमा. पाटी, चौकी, कोणी विचारायला नाही. दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्यामुळे एकच व्हिसा चालतो, अगदी सिंगल एंट्री असला तरी. पण स्वित्झर्लंड युरोपियन युनियनच्या कस्टम्स व्यवस्थेत नाही, त्यामुळे कधीही थांबवू शकतात. पासपोर्ट पॅनियरच्या, म्हणजे सायकलला लटकवलेल्या पिशवीच्या, तळाशी ठेवू नका. गंमत म्हणजे देश बदलला तरी गावांची नावं फ्रेंचच राहतात आणि ‘बोंजूर’ला उत्तरही मिळतं. आओस्ता खोऱ्यात इटालियनबरोबर फ्रेंचही अधिकृत भाषा आहे. बेळगावकडच्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. फ्रँक मात्र खिशात ठेवून युरो काढायचे.

आता उतार. ३४ किलोमीटरमध्ये जवळजवळ १,९०० मीटर. माथ्यावर मी घामाने भिजलेल्या टीशर्टवर पाऊण तास फोटो काढत बसलो, जुलैच्या उन्हात. चौथ्या वळणावर दात वाजायला लागले. विंडचीटर मागच्या पिशवीत, आणि ती उघडायला गेलो तर बोटांना चेनचा पट्टा पकडताच येईना. शेवटी दातांनी ओढला. तेव्हा माथ्यावर पोचल्या पोचल्या कोरडा टीशर्ट, विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे, फोटो नंतर. ब्रेक सतत दाबून धरू नका. सरळ पट्ट्यावर सोडा, वळणाआधी दोन्ही जोरात दाबा, परत सोडा. खाली बोगद्यातून आलेली वाहतूक पुन्हा मिळते, तिथून आपली कड धरून चला. एत्रूब्लला मी थांबलो, बारमध्ये उभ्याउभ्या एस्प्रेसो घेतली, दोन कपडे उतरवले. आओस्ता येईपर्यंत चक्क उकडत होतं.

रस्ता साधारण जून ते ऑक्टोबरच उघडा असतो. निघण्याच्या आदल्या दिवशी खात्री करा. आणि ब्रेकचे पॅड अर्धे झिजले असतील तर मार्तिन्यीतच बदला. माझे अर्धे होते. आओस्तात मागचा ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता.