सड्यावर व्हिपेट पळवू नकोस

बाळा, व्हिपेट हा सडपातळ, वेगवान कुत्रा इंग्लंडमध्ये सशामागे धावायला घडला. आपल्याकडे मात्र 1972 च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे. म्हणून दोरीला चिंधी बांध आणि उजाडताच तिच्यामागे पळव. गोव्यातल्या पेडण्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, नको. तिथल्या जांभ्या दगडाने माझ्या कुत्रीच्या पंजाची गादी सोलली, आठवडाभर बिचारी तीन पायांवर चालत होती. पावसाळ्यात रोज कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोध. भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना कुत्र्याची जात आधी सांग. अंगावर चरबी कमी, त्यामुळे काही औषधांची गुंगी लवकर उतरत नाही. पिल्लांची घाई तर मुळीच नको, कुत्री दोन वर्षांची होऊ दे. गाभण राहिली की साधारण 63 दिवस. तेवढ्यात ओल न येणारा कोपरा तयार ठेव.