अस्कानिया-नोवा : वसाहत, वस्ती की कसबा?

प्रश्न : युक्रेनमधल्या अभयारण्यावरच्या एका मराठी लेखात ‘अस्कानिया-नोवा या ग्रामीण वसाहतीत’ असे शब्द वाचले. इथे ‘वसाहत’ बरोबर आहे का? ‘गाव’, ‘खेडे’ किंवा ‘वस्ती’ का लिहू नये?

‘वसाहत’ हा शब्द १८२८ सालच्या अस्कानिया-नोवाला चपखल बसतो, आजच्या अस्कानिया-नोवाला नाही. ‘वस्ती’ मात्र टाळावाच. का ते समजायला त्या ठिकाणाची कुळकथा पाहावी लागते.

आधी आपल्या शब्दांचे बघू. गाव वसते, वसाहत वसवली जाते. पोलीस वसाहत, रेल्वे वसाहत, औद्योगिक वसाहत, ब्रिटिशांची वसाहत : या सगळ्यांत कुणीतरी जागा ठरवली, आखणी केली आणि माणसे आणून बसवली. वसवणारा कोण, हे वसाहतीच्या बाबतीत नेहमी सांगता येते. गावाच्या बाबतीत तसे सहसा सांगता येत नाही.

अस्कानिया-नोवाच्या बाबतीत ते नेमके सांगता येते. १८२८ साली आन्हाल्ट-क्योथेन या छोट्या जर्मन संस्थानाच्या ड्यूक फर्डिनांडने रशियाचा झार पहिला निकोलस याच्याकडून दक्षिण युक्रेनमधली माळरानाची जमीन मिळवली. हेतू होता मेंढीपालनाचा. त्यासाठी जर्मनीतून माणसे आणि मेंढ्या तिकडे गेल्या. आन्हाल्टच्या राजघराण्याचे नाव ‘अस्कानिया’, ते या नव्या जागेला दिले आणि पुढे ‘नोवा’ जोडले. आपण ‘नवी मुंबई’ म्हणतो तीच रीत. लॅटिन ‘नोवा’ आणि आपले ‘नवी’ एकाच मुळाचे आहेत. ही शुद्ध वसाहतच होती, आणि त्या काळाबद्दल लिहिताना हाच शब्द वापरावा.

पण मेंढ्यांचा हिशेब काही जमला नाही. १८५६ मध्ये ही जमीन फ्रीडरिक फाइन या जर्मन वंशाच्या बड्या मेंढीमालकाने विकत घेतली. फाइनच्या मुलीचे लग्न फाल्ज घराण्यात झाले आणि पुढच्या पिढ्यांचे आडनाव फाल्ज-फाइन पडले. त्यांच्या हाताखाली अस्कानिया-नोवा ही वसाहत उरली नाही, ती एका घराण्याची जमीनदारी झाली. दक्षिण युक्रेनमध्ये अशा मोठ्या जमीनदारी शेतीला ‘एकोनोमिया’ म्हणत. आज अर्थव्यवस्थेसाठी जगभर फिरणारा शब्द तिथे मळे, कळप, गोठे आणि मजुरांच्या चाळी एवढ्या अर्थाने नांदत होता, हे मला फार मोलाचे वाटते.

याच घराण्यातला फ्रीडरिक फाल्ज-फाइन (१८६३–१९२०) म्हणजे या गावाचे नाव जगात नेणारा माणूस. त्याने १८८०च्या दशकात प्राण्यांसाठी कुंपणे घातली आणि १८९८ मध्ये कधीच नांगर न लागलेल्या माळाचा एक तुकडा कायमचा राखून ठेवला. अशा जमिनीला युक्रेनियनमध्ये ‘त्सिलिना’ म्हणतात. त्याचे भाषांतर ‘पडीक’ असे करू नका. पडीक जमीन एकदा तरी कसलेली असते. त्सिलिना कुमारिका जमीन आहे. मराठीत ‘अनांगरी जमीन’ किंवा सरळ ‘नांगर न लागलेली जमीन’ म्हणावे.

हा माळ कसा आहे, हे कळले की शब्दही नीट उमगतात. द्नीप्रो नदीच्या दक्षिणेला, क्रिमियाकडे जाणाऱ्या वाटेवर, खेरसोन प्रांतात हा भाग येतो. जमीन ताटासारखी सपाट, आसपास नदी नाही, वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे माणदेशातल्या माणसाला ओळखीचे वाटेल इतकेच पाणी, पण तिथे ते कडाक्याच्या थंडीबरोबर येते. मे महिन्यात ‘कोविला’ नावाचे गवत फुलते. त्याच्या लांब, पिसासारख्या केसांमुळे सगळा माळ रुपेरी दिसतो. आणि या सपाटीत मधूनमधून बशीसारखे उथळ, विस्तीर्ण खळगे आहेत. त्यांना ‘पीद’ म्हणतात. मोठा चापेल्स्की पीद दोन हजारांहून अधिक हेक्टरांचा आहे. ज्या वर्षी बर्फ चांगला पडतो त्या वर्षी वसंतात वितळलेले पाणी त्यात साचते, पाणपक्षी उतरतात. एरवी तिथे जनावरे चरतात. या ‘पीद’ला ‘तळे’ म्हणता येत नाही, कारण बहुतेक काळ तो कोरडाच असतो. ‘खळगा’ म्हटले तर आकार लहान वाटतो. मी ‘सखल मैदान’ म्हणेन. मूळ शब्दाचा अर्थ ‘तळ’ असा आहे आणि त्याचे नाते संस्कृत ‘पद’शी सांगितले जाते.

सोव्हिएत राजवट आल्यावर फाल्ज-फाइन घराणे गेले, १९२१ मध्ये सरकारने माळ राखीव म्हणून जाहीर केला, पशुशास्त्रज्ञ मिखाईल इवानोव याने इथे अस्कानिया जातीची बारीक लोकरीची मेंढी तयार केली. आफ्रिकेतले थोराड एलँड हरीण इथे माणसाळवून त्याचे दूधही काढले गेले. आज राखीव क्षेत्र सुमारे ३३,००० हेक्टर आहे, त्यातला नांगर न लागलेला माळ ११,००० हेक्टरांचा.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे. १९३८ मध्ये अस्कानिया-नोवाला ‘शहरी स्वरूपाची वस्ती’ असा सोव्हिएत दर्जा मिळाला. शेतीवर न जगणारे, म्हणजे पगारदार आणि कामगार जिथे जास्त, पण जे शहर म्हणावे इतके मोठे नाही, अशा ठिकाणांसाठी हा दर्जा होता. संशोधन संस्था असलेल्या अस्कानियाला तो साहजिकच लागू पडला. युक्रेनने नव्या कायद्याने हा दर्जाच रद्द केला आणि २६ जानेवारी २०२४ पासून अशी सगळी ठिकाणे ‘सेलिश्चे’ झाली. इंग्रजीत त्याचे जे भाषांतर चालते, त्यातून आपल्याकडे ‘ग्रामीण वसाहत’ उतरली. शब्दाला शब्द ठेवला गेला, अर्थ मागे राहिला.

युक्रेनियन उतरंड अशी : सगळ्यात धाकटे ‘खूतिर’, म्हणजे शेतावरची चार घरे. त्यावर ‘सेलो’, म्हणजे गाव. त्यावर ‘सेलिश्चे’. त्यावर ‘मिस्तो’, म्हणजे शहर. आपल्याकडे सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला ‘वस्ती’ म्हटले की मळ्यातली, गावापासून दूरची, एका भावकीची घरे आठवतात. म्हणजे ‘वस्ती’ ही खूतिरची जोडी. सेलिश्चेला वस्ती म्हटले की वाचक गावाच्या एक पायरी खाली जाऊन उभा राहतो, जेव्हा त्याला एक पायरी वर न्यायचे असते. ‘खेडे’ म्हटल्यानेही तेच होते.

गावाच्या वरची आणि शहराच्या खालची पायरी मराठीत पूर्वीपासून आहे : कसबा. जुन्या कागदपत्रांत ‘मौजे’ आणि ‘कसबे’ हा भेद काटेकोर पाळलेला असतो. कसबे तडवळे, कसबे सुकेणे, कसबे डिग्रज ही नावे अजून तोंडात आहेत. कसब्यात आसपासच्या गावांचा कारभार चाले, कारागीर राहत. अस्कानिया-नोवा आसपासच्या गावांच्या ‘ह्रोमादा’चे मुख्य ठिकाण आहे, तेव्हा ‘कसबा’ हा शब्द तिला शोभतो. ज्यांना तो जुनाट वाटतो त्यांनी ‘निमशहरी गाव’ लिहावे. मला स्वतःला ‘कसबा’ जिवंत ठेवायला आवडेल.

आणि ‘ह्रोमादा’वर दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. ही युक्रेनमधली स्थानिक स्वराज्याची पायाभूत घटक; अनेक गावांची मिळून एक, आपल्या गट ग्रामपंचायतीसारखी. शब्दाचा मूळ अर्थ ढीग, जमाव, समुदाय. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृत ‘ग्राम’शी जोडतात, आणि ‘ग्राम’चाही मूळ अर्थ समूहच होता. ‘इंद्रियग्राम’, ‘भूतग्राम’ या शब्दांत तो अर्थ आजही शाबूत आहे. घरांच्या समूहाचे गाव झाले ते नंतर. म्हणून ‘ह्रोमादा’ला ‘समुदाय’ असे कोरडे भाषांतर न लावता ‘ग्रामसमूह’ म्हणावे असे मी सुचवतो.

एक व्यावहारिक सूचना. फेब्रुवारी २०२२ पासून अस्कानिया-नोवा रशियन सैन्याच्या ताब्यात आहे, त्यामुळे बातम्यांत ‘रशियन वसाहत’ आणि ‘अस्कानिया वसाहत’ असे प्रयोग एकाच परिच्छेदात येण्याचा धोका आहे. तिथे ‘वसाहत’ लिहिले तर वाचकाला ते ठिकाण कुणाचे हेच कळणार नाही. १९३८ ते २०२४ या काळाबद्दल लिहायचे असेल तर ‘शहरी स्वरूपाची वस्ती’ हा त्या वेळचा दर्जा पूर्ण लिहावा, नुसते ‘वस्ती’ असे तोडू नये. नावातला हायफन ठेवावा, आणि नाव स्त्रीलिंगी चालवावे : अस्कानिया-नोवा वसली, वाढली.