टीबीचा रिपोर्ट हातात आहे, पण तपासलं काय?

क्षयरोगाच्या निदानाबद्दल आलेल्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. रिपोर्ट जवळ असतो, पण त्या तपासणीने नेमकं काय शोधलं हे रुग्णाला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून काही प्रश्न इथे एकत्र घेतो आहे.

प्रश्न : तीन आठवडे खोकला आहे. औषधाची दुसरी बाटली आणून पाहू का?

नको. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्याला बेडक्याची तपासणी आणि छातीचा एक्स-रे लागतो. उद्याच डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : वडिलांचा बेडका निगेटिव्ह आला. म्हणजे टीबी नाही ना?

असं म्हणता येणार नाही. आधी तपासणी कोणती झाली ते विचारा. काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटर बेडक्यात ते साधारण 5,000 ते 10,000 असावे लागतात. जीनएक्स्पर्ट किंवा ट्रूनॅट ही जंतूची जनुकं शोधणारी तपासणी त्याहून कितीतरी कमी जंतू पकडते. रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, हेही तिच्यातून कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने जीनएक्स्पर्टला 2010 मध्ये मान्यता दिली, तरी आजही अनेकांची तपासणी काचपट्टीवरच थांबते. नमुना दिला तेव्हा थुंकी दिली की खोकून काढलेला बेडका, हेही वडिलांना विचारा. थुंकी तपासून काही हाती लागत नाही. संशय राहिलाच तर कल्चर करतात, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहतात. त्याला काही आठवडे लागतात, तोवर काय करायचं हे छातीच्या डॉक्टरांनी ठरवावं.

प्रश्न : बारीक ताप येतो, वजन घटलं आहे. नातेवाइकांनी सुचवलं म्हणून तपासण्यांच्या पॅकेजमध्ये 'टीबी गोल्ड' केली, ती पॉझिटिव्ह आली. गोळ्या सुरू करू का?

नका करू, आणि स्वस्थही बसू नका. ही तपासणी जंतू शोधत नाही. तुमच्या रक्तातल्या पेशी या जंतूला ओळखतात का, एवढंच ती पाहते. जंतू पूर्वी कधी शरीरात शिरला असेल तरी त्या ओळखतात. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना असा संसर्ग झाल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतल्या 5 ते 10 टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. बाकीच्यांत संसर्ग सुप्त राहतो. संसर्ग सुप्त आहे की आजार जागा झाला आहे, हा फरक ही तपासणी करूच शकत नाही. उलट, प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला खरा टीबी असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते.

हे ठाऊक असूनही ती निदान म्हणून विकली जाते, याचा मला संताप येतो. रक्तातल्या अँटिबॉडी मोजून टीबी सांगणाऱ्या तपासण्यांचाही असाच बाजार होता. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये त्या वापरू नका असं बजावलं आणि भारताने 2012 मध्ये त्यांवर बंदी घातली. तोवर किती जणांनी नसलेल्या आजाराच्या गोळ्या खाल्ल्या असतील! आणि आजार असलेले किती जण 'निगेटिव्ह'वर विसंबून घरी बसले असतील!

तुमचा ताप आणि घटतं वजन मात्र खरं आहे. एक्स-रे, बेडका आणि गरज पडली तर जिथे त्रास आहे तिथला नमुना, या क्रमाने शोध व्हायला हवा. जंतू न शोधता अंदाजाने गोळ्या सुरू झाल्या, तर नंतर नमुन्यात तो सापडणं अवघड होतं आणि कोणतं औषध चालेल हेही कळत नाही. शिवाय ताप आणि वजनघट इतर आजारांतही असते. 'पाहू या' म्हणून लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखं प्रतिजैविकही स्वतःहून घेऊ नका. ते टीबीच्या जंतूवरही चालतं, त्यामुळे थोडे दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं. या आठवड्यातच तज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मुलीची मॉन्टू चाचणी 12 मिलिमीटर आली. इथले डॉक्टर म्हणतात काळजी नको, तिचं परदेशातलं विद्यापीठ एक्स-रे मागतं. खरं कोण?

दोघेही आपापल्या जागी खरे असू शकतात. या चाचणीत टीबीच्या जंतूचं प्रथिन त्वचेत टोचतात आणि तिथे आलेला फुगवटा मोजतात. किती मिलिमीटरला पॉझिटिव्ह म्हणायचं, ही मर्यादा अमेरिकेत माणसागणिक बदलते : एचआयव्हीबाधितांना किंवा रुग्णाच्या नुकत्याच सहवासात आलेल्यांना 5, जास्त क्षयरोग असलेल्या देशातून अलीकडे आलेल्यांना 10, कसलाही धोका नसलेल्यांना 15. ब्रिटनने 2016 पासून बीसीजी ही टीबीची लस घेतलेली असो वा नसो, 5 धरलं. जिथे रुग्ण थोडे आहेत, तिथे सुप्त संसर्गही हुडकून काढतात. जिथे रुग्ण पुष्कळ आहेत, तिथे आधी आजारी माणूस शोधावा लागतो. शिवाय बीसीजीमुळेही ही चाचणी उमटू शकते. एक्स-रे काढून घ्या आणि प्रतिबंधक उपचारांचं त्या देशातल्या डॉक्टरांशी बोला. हो, 12 हा आकडा फुगवट्याचा आहे की लालीचा, तेही विचारा. लाली मोजत नाहीत.

प्रश्न : मानेच्या गाठीची बायोप्सी ठरली आहे. काही विचारावं का?

हो, आणि आधीच. सगळा तुकडा फॉर्मॅलिन या जंतू मारणाऱ्या द्रवात टाकला तर त्यातून कल्चर होत नाही. एक भाग सलाईनमध्ये कल्चर आणि जनुकीय तपासणीसाठी पाठवणार का, हे सर्जनला विचारा.

प्रश्न : उपचार पूर्ण झाले, तरी जीनएक्स्पर्ट पॉझिटिव्ह?

मेलेल्या जंतूंची जनुकंही ती पकडते. आजार परतला की नाही, हे कल्चर पाहून तुमचे डॉक्टर सांगतील.