ओझरचा रनवे एवढा मोठा आहे तर मग फ्लाइट्स इतक्या कमी का?

तुम्ही विचारलंय की आपल्या नाशिकजवळच्या ओझरला तीन किलोमीटरचा रनवे असून विमानं एवढी कमी का, आणि विमान कधी निफाडकडून तर कधी उलट्या बाजूने उतरतं ते कशावरून ठरतं. मी ओझरचाच, घरातली माणसं एचएएलला (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, विमानं बनवणारी सरकारी कंपनी) होती, त्यामुळे जरा ऐसपैस लिहितो.

पहिलं म्हणजे हा रनवे आपल्यासाठी बांधलेलाच नाही हो. १९६४ मध्ये इथं मिग या लढाऊ विमानांचा कारखाना आला, आणि रनवे आजही एचएएलचाच आहे, ३००० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद. आधी मिग-२१, मग मिग-२७, मग सुखोई-३०, आणि आता तेजस, नाशिकच्या लाइनवरचं पहिलं तेजस मार्क-१ए १७ ऑक्टोबर २०२५ ला इथूनच उडालं. शिवाय एअरफोर्सचा विमानदुरुस्तीचा ११ बेस रिपेअर डेपोपण इथंच. पॅसेंजर टर्मिनलचं उद्घाटन झालं २०१४ ला, म्हणजे तब्बल पन्नास वर्षांनी! आपण तिथं भाडेकरू आहोत, मालकाची कामं आधी.

आणि ही कामं रनवे बराच वेळ अडवून ठेवतात. सुखोई उतरलं की मागून पॅराशूट फुगतं, वेग उतरला की पायलट ते सोडून देतो, मग ते उचलून रनवे साफ आहे हे बघितल्याशिवाय पुढच्या विमानाला परवानगी देत नाहीत. एखादा नट-बोल्ट किंवा खडा इंजिनात ओढला गेला तर काय होईल सांगायला नको.

लांबीचं म्हणाल तर एटीआरला (पंख्याचं छोटं प्रवासी विमान) दीड किलोमीटरच्या आतच भागतं, एअरबस ३२० सारख्या मोठ्या जेटला साधारण दोन-सव्वादोन धरा. म्हणजे लांबी कमी पडतेय म्हणून फ्लाइट्स नाहीत असं अजिबात नाही. उरलेली लांबी फुकट जात नाही, ओझर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर आहे, त्यात मे महिन्यात दुपारी हवा तापून विरळ झाली की पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला जास्त पळावं लागतं, भरलेल्या विमानाला तर फारच. इथून शारजाला शेळ्या-मेंढ्या घेऊन कार्गो विमानं गेलीत, तसल्या वजनाला हीच लांबी कामाला येते.

आता दिशा. रनवे पूर्व-पश्चिम आहे, एका टोकाला ०९ लिहिलंय, दुसऱ्याला २७, म्हणजे ९० आणि २७० अंश, शेवटचा शून्य काढून टाकलेला. विमान उतरतं आणि उडतं ते शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून निफाडच्या अंगाने येऊन २७ वर उतरतात. वारा पूर्वेचा झाला की रामशेज-दिंडोरीच्या बाजूने येऊन ०९ वर. शेवटी कुठल्या टोकाने उतरवायचं ते कंट्रोल टॉवर ठरवतो.

उतरताना पायलट रनवेच्या कडेला चार दिव्यांची रांग बघतो, तिला पापी म्हणतात (नाव ऐकून हसू नका). दोन पांढरे दोन लाल दिसले तर उंची बरोबर, चारही लाल म्हणजे फार खाली, चारही पांढरे म्हणजे फार वर. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे निफाड पट्ट्यात धुकं बसलं की दिवे असून उपयोग काय, दिसायला तर पाहिजेत. त्यामुळे थंडीत सकाळची फ्लाइट घेऊन पुढं लगेच कनेक्शन लावू नका, मधे चांगला वेळ ठेवा.

मग फ्लाइट्स कमी का? एचएएलची कामं आहेतच, पण माझ्या मते मोठं कारण म्हणजे मुंबई जवळ आहे. डिसेंबर २०१७ ला उडान या सरकारच्या स्वस्त विमानसेवेच्या योजनेतून विमान सुरू झालं, नंतर कंपन्या आल्या-गेल्या, पण आपले लोक अजून गाडी काढून सरळ मुंबईला जाऊन विमान पकडतात. सीटा भरल्या तर कंपन्या येतीलच, रनवे तयारच आहे.

आणि हो, पहिल्यांदा जात असाल तर हायवेला दहाव्या मैलावरून जानोरी रोडला वळा, एचएएलच्या मेन गेटला जाऊन काही उपयोग नाही. मोबाइल खिशात ठेवा, डिफेन्सची जागा आहे, रनवेचे फोटो काढलेले चालत नाहीत.