अडचण सांगू नका, नकार सांगा

ताई,
आमच्या चर्चच्या नव्या इमारतीसाठी निधी जमवणं चालू आहे. प्रत्येक घराला छापील कार्ड दिलंय. त्यावर रक्कम लिहून सही करायची, मग उपासनेनंतर नावं आणि आकडे माइकवर वाचले जातात. मी बरीच वर्षं माझ्या दशांशातला, म्हणजे देवासाठी बाजूला काढलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्यातला, मोठा भाग आजारपणाने खचलेल्या एका कुटुंबाला देते, कुणाला न सांगता. तो मला बंद करायचा नाही. शिवाय मागच्या दुरुस्तीच्या निधीचा हिशेब आजवर कुणी मांडलेला नाही. कमिटीची माणसं घरी आली तेव्हा मी ‘सध्या अडचण आहे’ म्हणाले, तर म्हणाले, हप्त्याने द्या. नंतर पाळकांनी बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकावर संदेश दिला, देवाला ठकवणाऱ्यांवर शाप येतो म्हणून. ते माझ्याकडेच बघत होते असं वाटलं. सेक्रेटरी म्हणतात, दशांश मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चलाच, द्यायचा हा पहिल्यापासूनचा नियम आहे. नवरा म्हणतो, देऊन टाक आणि मोकळी हो. रागाच्या भरात मी रविवारच्या थैलीत टाकणंही थांबवलंय. मुलगी गायनवृंदात आहे, तिच्याजवळही निरोप येतात. मी तत्त्वाला धरून आहे की नुसती हट्टी? चर्च बदलू का?
— एक बहीण

प्रिय बहिणीस,

तुम्हाला अडचण नाहीये. पैसे आहेत, आणि ते कुठे जावेत हे तुम्ही केव्हाच ठरवलंय. तरी तुम्ही कमिटीला अडचण सांगितलीत, आणि तिथेच सगळा घोळ झाला. कुणी अडचण सांगितली की समोरचा माणूस त्यावर तोड काढतो. हप्ते ही त्यांनी काढलेली तोड. उद्या म्हणतील, पुढच्या वर्षी द्या, पण आज आकडा तेवढा लिहून ठेवा. त्यांना दोष देता येत नाही, कारण त्यांनी तुमच्या तोंडून नकार ऐकलेलाच नाही.

तो आता ऐकवा. ‘या निधीला मी काही देणार नाही, विचार करून ठरवलंय.’ एवढं एकच वाक्य, आणि त्याला शेपूट नको. ‘का?’ असं विचारतीलच. ‘माझं देणं मी दुसरीकडे ठरवलंय’ इथवर सांगा आणि थांबा. त्या कुटुंबाचं नाव काढू नका. एकदा ते सांगितलंत की कमिटीत चर्चा सुरू होईल: ते लोक खरंच गरजू आहेत का, त्यांना इतकं कशाला, त्यांचे नातेवाईक काय करतात? उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय. त्याने देणाऱ्याचा गर्व आवरतो, हे आपण नेहमी ऐकतो. घेणाऱ्याची अब्रूही त्यानेच राखली जाते, हे फारसं कुणी बोलत नाही.

आता सेक्रेटरींचा ‘पहिल्यापासूनचा नियम’. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चौदावा अध्याय त्यांच्यासमोर उघडून ठेवा. तिथे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवायला सांगितलाय, आणि तो खाऊन तृप्त व्हायचे ते मंदिराची सेवा करणारे लेवी, उपरे, अनाथ आणि विधवा. तुम्ही ज्या घराला देता ते या यादीपासून फार लांब नसावं. आरंभीच्या मंडळ्यांबद्दल बोलायचं तर दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की महिन्यातून एकदा ज्याची इच्छा आणि ऐपत असेल तो थोडं टाकतो, सक्ती कुणावरच नसते. तो पैसा गरिबांचं अन्न, त्यांचं दफन, पोरकी मुलं आणि थकलेली माणसं यांच्यासाठी वापरला जाई. दशांशाला राजाच्या कायद्याचं बळ मिळालं ते पुष्कळ नंतर. फ्रँकांच्या राज्यात शार्लमेनने ७७९ मध्ये तो सगळ्यांवर बंधनकारक केला, आणि फ्रान्समधला दशांश सुटायला १७८९ची क्रांती व्हावी लागली. हे सगळं सेक्रेटरींना ऐकवलंच पाहिजे असं नाही. तुमच्या मनात जी धाकधूक आहे, तिच्यासाठी सांगते आहे.

मलाखीचं म्हणाल तर ते वचन जागच्या जागी खरं आहे. मंदिराच्या भांडारात धान्य येत नव्हतं आणि ज्यांचं पोट त्यावर होतं ते लेवी उपाशी राहत होते. पण त्याच छोट्या पुस्तकात त्याआधी, पहिल्या दोन अध्यायांत, वेदीवर आंधळी-लंगडी जनावरं चढवणाऱ्या याजकांना भरपूर बोल लावलेत. त्यावर संदेश क्वचितच होतो! इमारतीच्या निधीसाठी प्रेषित पौलाचं वचन जास्त जवळचं आहे: प्रत्येकाने मनात ठरवलं तसं द्यावं, नाखुशीने किंवा भाग पडतं म्हणून नव्हे. माइकवर आकडे वाचणं म्हणजे भाग पाडणंच, मग वाचणाऱ्याचा आवाज कितीही प्रेमळ असो. ज्याच्या नावापुढे लहान आकडा आहे, त्याला त्या मिनिटात काय वाटत असेल याचा विचार कमिटीत कुणी केलेला दिसत नाही.

पाळकांनी तुमच्याकडे बघितलं की नाही, हे त्यांनाच विचारा. व्यासपीठावरून उत्तर द्यायची संधी तुम्हाला नाही, त्यांच्या खोलीत आहे. एकट्याने भेटा आणि सरळ विचारा, ‘तो संदेश माझ्यासाठी होता का?’ नसेल तर तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. असेल तर निदान ते समोरासमोर तरी बोलतील.

आता थोडं तुमच्याबद्दल. तुम्ही दोन वेगळी कारणं एकत्र बांधली आहेत. एक, तुमचं देणं आधीच ठरलेलं आहे. दुसरं, मागचा हिशेब मिळालेला नाही. समजा येत्या रविवारी कोषाध्यक्षांनी पैन् पैचा हिशेब मांडला, तर तुम्ही द्याल का? तुमच्या पत्रावरून मला तर वाटतं, नाही देणार. मग हिशेबाची अट नकारासाठी पुढे करू नका, नाहीतर तो मांडला गेला त्या दिवशी तुमच्याजवळ बोलायला काही उरणार नाही. हिशेब मात्र मागाच, पण वेगळा, सभासद म्हणून, वार्षिक सभेत किंवा लेखी. त्यात अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवताना पौलाने खुद्द करिंथच्या मंडळीला सांगितलं की तुम्हाला पसंत असलेली माणसं निवडा, ती ही रक्कम पोचवतील. आपल्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून त्याने मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला. प्रेषिताला जे चालत होतं ते तुमच्या कमिटीलाही चालायला हवं.

आणि रविवारच्या थैलीचं. हा हट्टच, बाई. ज्या बाकावर तुम्ही दर आठवड्याला बसता, त्याच्यावरच्या दिव्याचं बिल कुणीतरी भरतं. पाळकांनाही घर आहे. इमारतीला नकार देणं हे तुमचं तत्त्व, पण चालू खर्चातला वाटा बंद करणं हा तुमचा राग. ज्यांच्यावर तो आहे त्यांना तो कळतही नाही, झाडलोट करणाऱ्याच्या पगारात मात्र दिसतो. पूर्वी टाकत होतात तेवढं परत टाकायला लागा. त्याने तुमचा नकार कच्चा पडणार नाही, उलट लोकांना नेमका कळेल.

नवऱ्याशी वाद घालण्याआधी एक बघा: त्यांना भीती कसली वाटते? लोक काय म्हणतील याची, की मुलीचं काही बिघडेल याची? त्या कुटुंबाला तुम्ही किती देता हे त्यांना माहीत आहे का, ते पत्रात नाही. नसेल तर आधी ते सांगा. बाहेरच्यांपासून ठेवलेलं गुपित घरात ठेवलं की त्याचा रंग बदलतो. त्यांना स्वतःच्या कमाईतून स्वतःच्या नावावर द्यायचं असेल तर देऊ द्या. मोकळं होण्यासाठी देणं तुम्हाला पटत नाही, त्यांना पटतं, एवढा फरक एका घरात राहू शकतो.

मुलीला मात्र यातून लगेच बाहेर काढा. ‘आईला जे सांगायचं ते आईलाच सांगा’ हे वाक्य तिला आजच शिकवा. आणि गायनवृंदाच्या प्रमुखांना तुम्ही स्वतः सांगा की निरोप तिच्याजवळ देऊ नका.

चर्च बदलायचा निर्णय आता घेऊ नका. तुम्ही अजून स्पष्ट नाही म्हटलेलंच नाही, त्यामुळे ‘नाही’ ऐकल्यावर ही माणसं कशी वागतात ते तुम्हाला कुठे माहीत आहे? कदाचित कुरकुरतील आणि विसरतील. पण नकारानंतर तुमच्याशी बोलणं टाकलं, प्रभुभोजनाला बसताना अडवलं किंवा मुलीला वृंदातून काढलं, तर मला पुन्हा लिहा. मग दुसरी मंडळी शोधण्याबद्दल बोलू. तोवर ते छापील कार्ड कोरं परत करा, कमिटीच्या हातात. हरवलं असं सांगू नका.

तुमची,
ताई