‘घरात कुणाला सांगू नका’ असं जो बजावतो

ताई,

तुम्ही निवृत्त शिक्षिका, घरी एकट्या. ‘तुमच्या आधारवरून पाठवलेल्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत’ असं सांगून एका तोतया पोलिसानं तुम्हाला दोन दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवलं, मुदत ठेव मोडायला लावली आणि चार लाख ऐंशी हजार उकळले. मुलाला अजून पत्ता नाही. आता कामाच्या मावशींवरही विश्वास बसत नाही, मग ठेवायचा कुणावर, असं तुम्ही विचारलंय.

आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, आत्ताच. पैसे पुढं काढले गेले नसतील तर गोठवता येतात. उशीर झाला असला तरी तक्रार कराच. आरटीजीएसची पावती जोडून बँकेतही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ‘पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. फसलेल्यांना पुन्हा गाठणारे असतात.

‘शिकलेली असून फसले’ हे मनातून काढा. उभ्या आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी न चढलेल्या माणसालाच अशी धमकी जास्त लागते. डिजिटल अरेस्ट, म्हणजे अशी व्हिडिओ कॉलवरची ‘अटक’, असं काही आपल्या कायद्यात नाही. खरी अटक झाली तर नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. त्या भामट्यानं नेमकं उलट केलं, मुलाशी बोलायचीच बंदी घातली. माझ्या मते त्याची खरी ओळख इथंच पटते.

तुम्ही जाता जाता लिहिलंय, काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, ‘मॅडम, एवढी रक्कम कुणाला?’ पर्समध्ये कॉल चालूच होता. पढवल्याप्रमाणे तुम्ही ‘नातीच्या ॲडमिशनला’ म्हणालात आणि तिचा रागही आला. ताई, त्या दिवशी तुमच्या बाजूची तीच होती. दार उघडेना म्हणून पुन्हा पुन्हा बेल वाजवणाऱ्या मावशीसुद्धा. प्रश्न विचारणारं, थांबायला वेळ देणारं, ‘खात्री करून घ्या’ म्हणणारं माणूस जवळ ठेवा.

मुलाला आज रात्रीच सांगा. चिडेल, ‘मला का नाही विचारलंस’ म्हणेल. म्हणू द्या. मग तक्रारीचा क्रमांक त्याच्या हाती द्या आणि पोलीस ठाण्याच्या, बँकेच्या खेपांना त्याला सोबत घ्या. एकटीनं हे ओढू नका.